पावसाळ्यात न अडणारं सागवानी दार: माप, सांधे आणि बसवणी

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की सुताराच्या फोनवर एकच तक्रार सुरू होते: दार अडतंय. मग कोणीतरी रंधा घेऊन जातो, कड दोन सूत उतरवून येतो, आणि डिसेंबरात त्याच दाराच्या फटीतून रस्ता दिसायला लागतो. रंधा मारणाऱ्याचा यात फारसा दोष नसतो. दार बनतानाच लाकडाला फुगायला जागा कुठे द्यायची हे ठरलेलं नसतं, म्हणून ते स्वतःच जागा शोधतं. खाली एका घराच्या मुख्य दाराचं काम पूर्ण मापांसह दिलं आहे: ३ फूट ३ इंच बाय ७ फूट बाहेरमापाची चौकट, चारही बाजूंनी लाकूड, म्हणजे उंबरठ्यासकट, आणि चार पॅनलचा (पट्ट्यांच्या खाचेत बसणाऱ्या पातळ फळ्यांचा) एक पल्ला. मापं इंच आणि सुतात आहेत. ८ सूत म्हणजे एक इंच, एक सूत म्हणजे जवळपास ३ मिलिमीटर.

लाकूड किती हलतं

सागवान लांबीत हललंच तर नजरेत न येण्याइतकं. रुंदीत मात्र हलतं, आणि ते ओंडका कसा चिरलाय त्यावर ठरतं. फळीच्या टोकाकडून बघा. वर्षाची वर्तुळं फळीच्या रुंद बाजूला समांतर पसरलेली असतील तर ती फळी जास्त हलणार. वर्तुळांच्या रेषा रुंद बाजूला उभ्या छेदत असतील तर निम्म्याहून कमी. ओल्या लाकडापासून पार कोरडं होईपर्यंत पहिल्या जातीची सागाची फळी रुंदीत साधारण ५.८ टक्के आकसते, दुसऱ्या जातीची २.५ टक्के. म्हणजे ओलावा एका टक्क्याने बदलला तर पहिली ०.१९ टक्के हलते, दुसरी ०.०८.

हवेतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड ६ टक्के ओलाव्याच्या आसपास स्थिरावतं, ६५ टक्क्यांना १२ वर, ८५ टक्क्यांना १७ च्या पुढेमागे. नागपूरचा मे आणि रत्नागिरीचा जुलै यांत एवढा फरक पडतो. चांगलं पॉलिश असलेलं दार इतकं टोकाला जात नाही. वर्षभरात ४ टक्क्यांचा चढउतार धरून चाला.

आता हिशोब करा. नुसत्या उभ्या फळ्या जोडून केलेलं ३४ इंच ६ सूत रुंदीचं दार असेल तर सगळी रुंदीच लाकडाच्या आडव्या अंगाची. ८८२ मिलिमीटरला ४ टक्के ओलावा म्हणजे पावणेसात मिलिमीटर, दोन सुतांहून जास्त. असलं दार अडणारच. पॅनलच्या दारात रुंदीत हलतात त्या फक्त दोन उभ्या पट्ट्या, साडेचार-साडेचार इंच. आडव्या पट्ट्या लांबीत आहेत, त्या हलत नाहीत. पॅनल फुगतात, पण आपल्या खाचेत फुगतात. म्हणून हेच दार फार तर पावणेदोन मिलिमीटर फुगतं, आणि उभ्या पट्ट्या दुसऱ्या जातीच्या लाकडाच्या असतील तर एक मिलिमीटरही नाही. पॅनलचं दार शोभेसाठी निघालं असं वाटत असेल तर हा आकडा लक्षात ठेवा.

वखारीत

चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला रेषा घट्ट आणि रंग एकसारखा. बल्लारपूरच्या डेपोतलं लाकूड अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेलं ते याच गुणांमुळे. बाजारात आज जास्त मिळतं ते आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचं. ते वाईट नसतं, पण झाड लहान वयात तोडलेलं असल्याने कडेचा पांढरा भाग जास्त येतो. पांढरा भाग किड्याला आणि बुरशीला लवकर बळी पडतो. चौकटीच्या भिंतीकडच्या अंगाला अजिबात नको, कारण तिथलं नुकसान दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. पांढऱ्यावर रंग मारून आणलेला माल ओळखायला रंध्याचे दोन हात मारून बघा. वखारवाला नाही म्हणत असेल तर दुसरी वखार.

साग परवडत नसेल तर कोकणात शिवण बघावी. वजनाला हलकी, आणि कमी हलणाऱ्या लाकडांत तिचं नाव पहिलं. फणस पल्ल्याला चांगला, चौकटीला ऐन किंवा किंजळ चालतो. आंबा दारासाठी घेऊ नका.

मालाची यादी अशी. चौकट तयार ४ बाय २½ इंच, म्हणून कच्ची चिराई ४¼ बाय २¾. पल्ला तयार १ इंच ३ सूत जाड, कच्चा दीड इंच.

- चौकटीच्या बाह्या (उभ्या बाजू): २ नग, ८४ इंच
- वरची पट्टी आणि उंबरठा: प्रत्येकी १ नग, ४५ इंच (दोन्ही बाजूंना ३-३ इंचांची शिंगं भिंतीत जाण्यासाठी)
- पल्ल्याच्या उभ्या पट्ट्या: २ नग, साडेचार इंच रुंद, ८२ इंच लांब
- आडव्या पट्ट्या, ३५¼ इंच लांब: वरची साडेचार इंच, मधली ७, खालची ८ इंच रुंद
- मधले उभे दांडे: ४ इंच रुंद, एक ४० इंच १ सूत, एक २८ इंच
- पॅनल, तयार ६ सूत जाड: ११ इंच ५ सूत रुंद, दोन ३७ इंच लांब, दोन २४ इंच ७ सूत

घनफूट काढायचं तर लांबी फुटात, रुंदी-जाडी इंचात, गुणून १४४ ने भागा. कच्च्या मापाने चौकटीला पावणेदोन, पल्ल्याला सुमारे २.४ घनफूट बसतं. गाठी, फाटलेली टोकं आणि रंधा धरून पाच घनफूट घ्या. गिऱ्हाईकासमोर हा हिशोब कागदावर मांडावा. घनफुटाच्या बाबतीत नंतर होणारे वाद सगळे तोंडी हिशोबातून होतात.

वाळवण

"पूर्ण वाळलेला आहे" हे वाक्य वखारीत फुकट मिळतं. भट्टीत वाळवलेला माल असेल तरी तो पत्र्याखाली जुलैभर पडून असेल तर परत ओलावलेला असतो. आयएस २८७ हे भारतीय मानक हवामानाप्रमाणे देशाचे चार पट्टे पाडतं आणि दारं-खिडक्यांच्या ५० मिलिमीटरपेक्षा पातळ लाकडाला सर्वांत कोरड्या पट्ट्यात ८ टक्के, सर्वांत दमट पट्ट्यात १४ टक्क्यांपर्यंत ओलावा चालवून घेतं. जाड लाकडाला दोन टक्के जास्त. कोकण किनारा दमट टोकाला येतो.

ओलाव्याचं मीटर नसेल तर घरच्या ओव्हनवर तपासता येतं. फळीच्या टोकापासून फूटभर आत एक तुकडा कापा (टोक नेहमी जास्त वाळलेलं असतं, त्याचं माप फसवं), लगेच वजन करा. मग ओव्हनमध्ये १०३ अंशांना ठेवून दर दोन-तीन तासांनी वजन करत जा, घट थांबेपर्यंत. आधीचं वजन ११२ ग्रॅम आणि शेवटचं १०० ग्रॅम असेल तर ओलावा १२ टक्के. भागायचं ते कोरड्या वजनाने, ओल्या वजनाने नाही; इथे बरेच जण चुकतात आणि ओलावा कमी दिसतो.

माल आणल्यावर सावलीत थप्पी लावा: फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या, दर दोन फुटांवर, आणि त्या वरपासून खालपर्यंत एकाच ओळीत. पट्ट्या मागेपुढे झाल्या तर फळ्यांना तोच बाक कायमचा बसतो. टोकांना रंग किंवा मेण लावा, नाहीतर टोकं आधी वाळून फाटतात. शेवटचे दोन आठवडे माल ज्या घरात दार लागणार तिथेच ठेवता आला तर उत्तम, फक्त ओल्या प्लास्टरच्या खोलीत नको.

रंधा दोनदा

सगळे तुकडे आधी तयार मापापेक्षा एक सूत जास्त ठेवून रंधून घ्या आणि आठवडाभर उभे ठेवा. चिरल्यावर लाकडाच्या पोटातला ताण सुटतो, काही पट्ट्या बाक घेतात, काही पीळ. ज्यांना पीळ आला त्या उभ्या पट्ट्यांतून बाद करा, आडव्यांत किंवा दांड्यांत वापरा; तिथे लांबी कमी असल्याने पीळ काढता येतो. पीळ बघायला दोन सरळ पट्ट्या तुकड्याच्या दोन टोकांवर आडव्या ठेवा आणि एकीच्या वरच्या कडेवरून दुसरीकडे नजर लावा. कडा एकमेकींना तिरक्या दिसल्या की पीळ आहे.

मग शेवटचं माप. आधी एक रुंद बाजू सपाट करून तिच्यावर खूण करा, मग त्या बाजूला गुण्यात (काटकोनात) एक कड. सगळी आखणी याच दोन बाजूंवरून. गेज (कडेला समांतर रेघ मारायचं हत्यार) कधी या बाजूने, कधी त्या बाजूने चालवलं तर जाडीतला अर्ध्या सुताचा फरक प्रत्येक सांध्यात पायरी होऊन दिसतो. रंधा मारताना लाकूड उपटत असेल तर रेषेची दिशा उलटी आहे, तुकडा फिरवा. गाठीजवळ दिशा बदलते तिथे पान धारदार आणि काप अगदी बारीक. सागाची भुकटी नाका-डोळ्यांना आणि काहींच्या कातडीला झोंबते, मशिन चालवताना मास्क घालाच.

चौकट

३९ इंच बाहेरमापातून अडीच-अडीच इंचांच्या दोन बाह्या गेल्या की आत ३४ इंच मोकळे. उंचीत ८४ मधून वरची पट्टी आणि उंबरठा जाऊन ७९. पल्ला बसायला चारही बाजूंनी अर्धा इंच खोल रिबेट (पल्ला टेकायची पायरीसारखी खाच) काढायचं, रुंदी पल्ल्याची जाडी अधिक अर्धा सूत. रिबेट ते रिबेट माप ३५ बाय ८० इंच.

बाहीच्या दोन्ही टोकांना इंचभर जाडीचं कुसू (दुसऱ्या तुकड्याच्या भोकात जाणारी जीभ), चौकटीच्या ४ इंच जाडीच्या मधोमध, रिबेटकडच्या बाजूने दीड इंच सोडून. कुसू वरच्या पट्टीच्या आरपार जाईल. इथली नेहमीची चूक खांद्याची, म्हणजे कुसवाच्या मुळाशी कापलेल्या पायरीची. रिबेट नसलेल्या बाजूला खांदा ते खांदा अंतर ७९ इंच, पण रिबेटकडच्या बाजूला ते ८० इंच, कारण वरच्या पट्टीलाही तिथे अर्धा इंच कमी केलेला आहे. दोन्ही खांदे एकाच रेषेत कापले तर रिबेटच्या कोपऱ्यात अर्ध्या इंचाचं भोक राहतं आणि ते पुट्टीने भरलेलं दार गावभर दिसतं. आखतानाच दोन बाजूंना दोन वेगळ्या रेघा मारा.

सांधा बसवून बांबूची ३ सुती खुंटी ठोका. खुंटीचं भोक आधी बाहेरच्या तुकड्यात पाडायचं, मग कुसू आत घालून त्याच भोकातून कुसवावर खूण करायची, कुसू बाहेर काढून त्यातलं भोक खुणेपासून अर्धा सूत खांद्याकडे सरकवून पाडायचं. खुंटी आत जाताना सांधा ओढून घेते आणि शिकंज्याशिवायही (क्लॅम्पशिवाय) घट्ट राहतो.

जुळवलेल्या चौकटीचे आतले कर्ण मोजा: ३४ बाय ७९ चा कर्ण बरोबर ८६ इंच यायला हवा. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट गुण्यात. एका कोपऱ्यात तिरकी आणि मधोमध एक आडवी पट्टी खिळवून टाका, ती चौकट भिंतीत पक्की होईपर्यंत काढायची नाही. नाहीतर गवंडी भिंत भरताना बाह्या मधे दाबतो, आणि मग दार वर-खाली ठीक आणि मधे अडतं.

भिंतीत बसवण्याआधी भिंतीकडच्या अंगाला प्रायमर किंवा डांबर मारा. होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या) प्रत्येक बाहीला तीन. ओळंबा बाहीच्या दोन्ही तोंडांना लावायचा, एकाला लावून भागत नाही; एक बाही पुढे आणि एक मागे झुकली असेल तर पल्ला कितीही सपाट असला तरी वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यात उभा राहतो. सिमेंटचे शिंतोडे लगेच ओल्या फडक्याने पुसा, सागावर ते काळपट डाग पाडतात. प्लास्टरवर पाणी मारणं चालू असताना चौकट पाणी पितेच. ते संपून तीन-चार आठवडे गेल्याशिवाय पल्ला टांगण्याची घाई करू नका.

पल्ला

तयार पल्ला ३४ इंच ६ सूत बाय ७९ इंच ५ सूत. दोन्ही बाजूंना आणि वर एक-एक सूत फट, खाली दोन सूत. उभ्या पट्ट्या वजा जाता आडव्यांचं खांदा ते खांदा माप २५ इंच ६ सूत, त्यात मधला ४ इंचांचा दांडा, म्हणजे प्रत्येक पॅनलची दिसणारी रुंदी १० इंच ७ सूत. उंचीत वरचे पॅनल ३६ इंच १ सूत, खालचे २४ इंच. मधली पट्टी जमिनीपासून साधारण तीन फुटांवर येते, कडीला हात सहज जातो.

कुसवाची जाडी ४ सूत, पल्ल्याच्या जाडीच्या तिसऱ्या भागाच्या जवळ. पॅनलची खाचही ४ सूत रुंद आणि ४ सूत खोल, कुसवाच्या सरळ रेषेत. एकाच गेजच्या मापाने दोन्ही होतात. भोक दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं पाडा. एका बाजूनेच पटाशी चालवली तर दुसऱ्या बाजूचं लाकूड उपटून निघतं.

रुंद पट्टीला एकच रुंद कुसू ठेवायचा मोह टाळा. कुसू जाडीच्या पाचपटीपेक्षा फार रुंद झालं की दोन गोष्टी होतात: उभ्या पट्टीत लांबलचक भोक पडून ती कमजोर होते, आणि कुसू आकसल्यावर भोकात सैल होतं. म्हणून मधल्या ७ इंची पट्टीला खाचेचा अर्धा-अर्धा इंच सोडून सव्वादोन इंचांची दोन कुसवं, मधे दीड इंच. खालच्या ८ इंची पट्टीलाही तशीच दोन, पण खालच्या टोकाला दीड इंच सोडून. वरच्या पट्टीला एकच, पावणेतीन इंचांचं, वरच्या टोकाला सव्वा इंच सोडून. या सोडलेल्या जागी कुसू पूर्ण कापायचं नाही. खाच भरेल इतकं अर्धा इंच ठेवायचं, म्हणजे पट्टी तिथे पिळत नाही. उभ्या पट्ट्यांना दोन्ही टोकांना इंचभर जास्त लांबी आहे ती याचसाठी: पाचर ठोकताना टोक फाटू नये. ती शेवटी कापायची.

पॅनल दोन फळ्या डिंकाने जोडून केलेलं चालतं, किंबहुना बरं. मधे ६ सूत जाड, कडेला ४ सुतांवर उतरवलेलं, पण खाचेत जाणारा भाग उताराचा नको, सपाट हवा. उतार थेट खाचेत गेला तर पॅनल फुगताना पाचरीचं काम करतो आणि खाचेचा ओठ फोडतो. रुंदीत पॅनल ११ इंच ५ सूत, म्हणजे खाचेच्या तळापासून दोन्ही बाजूंना एक-एक सूत मोकळं. एवढ्या रुंदीला वर्षभरातली हालचाल दोन-सव्वादोन मिलिमीटर आहे, जागा पुरते. हे माप उन्हाळ्यात काम करताना. भर पावसाळ्यात जुळवत असाल तर पॅनल आधीच फुगलेलं आहे. बाजूला अर्धा सूतच सोडा, नाहीतर मार्चमध्ये ते खाचेत खडखडेल.

जुळवण्याआधी पॅनलला चारही कडांसकट पॉलिशचे दोन हात द्या. हे चुकलं तर फेब्रुवारीत पॅनल आकसतो आणि कडेला पॉलिश न झालेल्या लाकडाची फिकट रेघ उघडी पडते. नंतर कितीही पॉलिश केलं तरी ती दर वर्षी दिसते.

आधी कोरडं जुळवा. सगळे सांधे बसले, पल्ला टेबलावर सपाट आहे, कर्ण सारखे आहेत, हे बघून मगच फेव्हिकॉल. सागात तेल असतं, त्यामुळे रंधून बरेच दिवस झालेल्या कुसवावर डिंक नीट धरत नाही. पॉलिश पेपरचा एक हात मारून थिनरच्या फडक्याने पुसून लगेच लावा. मुख्य दाराला पाणी सोसणारा डिंक घ्या. डिंक फक्त कुसवांना. खाचेत एक थेंबही गेला आणि पॅनल एका बाजूला चिकटला की तो मधोमध फाटतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं लाकूड खराब. पॅनल सरकू नये म्हणून वर आणि खाली बरोबर मध्यावर एकेक बारीक खिळा पुरे.

पाचरीसाठी भोक बाहेरच्या बाजूला वर-खाली एक-एक सूत रुंद करून ठेवलेलं असावं. शिकंजा आवळून दोन्ही पाचरी आळीपाळीने ठोका, एकच पूर्ण ठोकली तर पट्टी सरकते. शिकंजा फार आवळला तरी पल्ला धनुष्य होतो. सरळ पट्टी लावून बघत राहा आणि रात्रभर तसाच राहू द्या.

पॉलिश, आणि न दिसणाऱ्या दोन कडा

दाराला सहा बाजू असतात, गिऱ्हाईक चार बघतं, आणि पाणी उरलेल्या दोन बाजूंनी शिरतं. पल्ल्याची खालची आणि वरची कड टांगण्याआधीच सीलरचे तीन हात देऊन बंद करा. उभ्या पट्ट्यांची टोकं तिथेच उघडी असतात आणि लाकूड टोकातून सगळ्यात वेगाने पाणी ओढतं. बिजागरीच्या खाचा आणि कुलपाचं भोकही आतून.

आतल्या बाजूला एक हात आणि बाहेर तीन, असंही करू नका. कमी पॉलिशची बाजू आधी फुगते आणि पल्ला दुसऱ्या बाजूला बाक घेतो. चपडा लाखेचं पॉलिश आतल्या दारांना सुंदर दिसतं, पण पावसाचे शिंतोडे येणाऱ्या दारावर पांढरे डाग पडतात. तिथे बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन) किंवा वार्निश.

टांगणी

४ इंची बिजागऱ्या तीन. पहिली वरून ७ इंचांवर, शेवटची खालून १० इंचांवर, मधली जमल्यास मध्यापेक्षा थोडी वर, कारण ओढ वरच्या बिजागरीवर जास्त येते. पानाच्या जाडीएवढीच खाच घ्या. जास्त खोल घेतली तर पल्ला बिजागरीच्या कडेवर दाबला जातो, बंद करताना शेवटच्या दोन इंचांत परत उघडू बघतो आणि लोक कुलपाकडची कड तासत बसतात.

पितळी स्क्रू सागात तसेच पिळले तर मान तुटते. आधी बारीक भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा, मग पितळी स्क्रूला साबण किंवा मेण लावून हाताने पिळा.

कुलपाकडच्या कडेला, रिबेटमध्ये आधी शिरणाऱ्या अंगाकडे अर्ध्या सुताचा उतार द्या, पल्ला फिरताना ती कड चौकटीला घासत नाही. पेटीचं कुलूप बसवायचं असेल तर मधल्या पट्टीच्या सांध्यात नको; कुसवं कापली जातात आणि ज्या सांध्यावर सगळा भार आहे तोच जातो. सांध्याच्या वर, उभ्या पट्टीच्या मोकळ्या भागात घ्या.

फटीचं माप महिन्यावर ठरतं. एप्रिल-मेमध्ये बसवलेल्या दाराला बाजूंना पूर्ण एक सूत. ऑगस्टमध्ये बसवताना अर्ध्या-पाऊण सुतावर थांबा, नाहीतर उन्हाळ्यात फट अवाजवी वाटेल.

तरीही अडलं तर

लगेच रंधा काढू नका. चौकट आणि पल्ल्यामध्ये कार्बन पेपर धरून दार बंद करा, घासतं तिथे निळी खूण उमटते. खूण कुलपाकडच्या कडेला सगळ्या लांबीत असेल तर लाकूड फुगलंय. फक्त वरच्या कोपऱ्यात असेल तर बहुतेक वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झालेत आणि पल्ला उतरलाय. मधेच असेल तर बाही आत वाकलीय. ही शेवटची दोन कारणं पावसाची नाहीत, रंध्याने ती बरी होत नाहीत.

खरंच फुगलं असेल तरी घासतं तेवढंच, कागदाच्या जाडीने काढा, आणि उघडी पडलेली कड त्याच दिवशी सीलरने बंद करा. रंधा मारून कड उघडी सोडली तर लाकूड पुढच्या पंधरवड्यात आणखी पाणी पिऊन परत अडतं, आणि मग दर वर्षी तेच.

सैल स्क्रूला जाड स्क्रू हा उपाय टिकत नाही, भोकातलं लाकूड आधीच भुगा झालेलं असतं. पल्ल्याखाली पाचर घालून भार घ्या, बिजागरीचं पान सोडवा, भोक ३ सुतांपर्यंत मोठं करून त्यात सागाचीच खुंटी डिंकाने ठोका. खुंटीच्या रेषा स्क्रूला आडव्या असतील अशी ती कापलेली हवी. उभ्या रेषेत स्क्रूची पकड कमी. दुसऱ्या दिवशी सपाट कापून नवीन भोक पाडा आणि तोच जुना स्क्रू लावा.